त्रिरश्मीच्या पायऱ्या चढून अनुराधपुराकडे

नाशिककराला लंका लहानपणापासून ओळखीची असते. पंचवटीत सीतागुंफेच्या रांगेत उभं राहिलं की ती गोष्ट कानावर पडतेच. त्यामुळे श्रीलंकेच्या सहलीचा विषय निघाला, की पहिली चौकशी होते ती नुवारा एलियाजवळच्या सीतेच्या देवळाची. अनुराधपूर, पोळोन्नरुव, मिहिंतले ही नावं कार्यक्रमपत्रिकेत खाली कुठेतरी असतात, आणि बरेच जण त्या जुन्या नगरांतून उन्हाने हैराण होऊन, ‘विटांचे मोठे ढिगारे बघितले’ असं म्हणत परततात. मला याचं फार वाईट वाटतं. कारण त्या नगरांची किल्ली नाशिकच्या माणसाच्या घराजवळ आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगत, गावापासून आठेक किलोमीटरवर, जिला आपण पांडवलेणी म्हणतो त्या त्रिरश्मी डोंगरावर.

हे नातं अलीकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोरही आलं. २४ ऑक्टोबर २०२३ रोजी, विजयादशमीला, अनुराधपूरच्या महाबोधी वृक्षाची फांदी त्रिरश्मीच्या पायथ्याच्या बुद्धविहाराच्या आवारात लावली गेली. अनुराधपूरचा तो वृक्ष बोधगयेच्या मूळ पिंपळाच्या फांदीपासून वाढला. परंपरा सांगते की अशोकाची मुलगी संघमित्रा ती फांदी घेऊन समुद्रापार गेली, आणि देवानांपिय तिस्स राजाने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात ती अनुराधपुरात लावली. माणसाने लावलेला, लावल्याचा काळ माहीत असलेला आणि आजही उभा असलेला याहून जुना वृक्ष जगात नोंदलेला नाही.

पण झाडाच्या आधी डोंगर पाहू. लेणी चोवीस. त्यातलं अठरावं चैत्यगृह, बाकी बहुतेक विहार, म्हणजे भिक्खूंची राहण्याची जागा. एकोणिसावं लेणं सर्वांत जुन्यांपैकी. सातवाहन राजा कृष्ण याच्या काळात नाशिकच्या एका महामात्राने ते करवून घेतलं, आणि त्या छोट्या लेखात गावाचं नाव ‘नासिक’ असंच आहे. दोन हजार वर्षांत शहराचं नाव बदललेलं नाही, हे इथे उभं राहून वाचताना अंगावर काटा येतो. अठराव्या लेण्याचं दर्शनी काम धंभिक गावच्या लोकांनी दिलं. सतराव्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडून आलेला, स्वतःला यवन म्हणवणारा. विसाव्याचं काम बोपकी नावाच्या भिक्खूने सुरू केलं, ते कित्येक वर्षं अर्धवट पडलं आणि यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोपाची बायको वासू हिने ते पुरं केलं. राजा, गाव, परदेशी, भिक्खू, सेनापतीची बायको: एका डोंगरावर इतक्या तऱ्हेची माणसं पैसे लावत होती.

आता दहाव्या लेण्याच्या ओसरीत यायचं. इथे घाई करू नये. हे लेणं उषवदाताचं. क्षहरात क्षत्रप नहपान याचा तो जावई. त्याची बायको दखमित्रा हिनेही इथे एक ओवरी दिल्याची नोंद आहे. ओसरीच्या भिंतीवर मोठ्या, ठसठशीत ब्राह्मी अक्षरांत त्याच्या दानाचा हिशेब कोरलेला आहे, आणि तो खरोखरच हिशेब आहे. त्याने लेण्याबरोबर तीन हजार काहापण, म्हणजे नाणी, ‘अक्षयनीवी’ म्हणून दिले. म्हणजे कायमची ठेव: मुद्दल कधी परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. रक्कम ठेवली गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने.

कागद-पेन्सिल घेऊन आकडे मांडून पाहा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. आणि लेख सांगतो की वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर एका जागी राहणाऱ्या, वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा काहापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न् पै जुळते. दुसऱ्या हजाराचं व्याज इतर किरकोळ खर्चासाठी. शिवाय कापूरहारातल्या चिखलपद्र गावी नारळाची आठ हजार झाडं. आणि हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला, फलकावर रीतसर नोंदवला, असंही शेवटी कोरलं आहे. भक्तीच्या या कामामागे बँक होती, सावकारी शिस्त होती, साक्षीदार होते.

तिसऱ्या लेण्यात याचीच पुढची गोष्ट आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. सिन्नर तालुक्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. राजा बदलला, नाणी बदलली, भिक्खू मात्र तिथेच होते. म्हणून गौतमीपुत्र अठराव्या राज्यवर्षी गोवर्धनच्या अमात्याला हुकूम धाडतो: उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनं शेत आता या भिक्खूंना दिलं आहे, तिथे राजाच्या माणसांनी शिरू नये, मीठ खणू नये. सहा वर्षांनी दुसरा हुकूम. या भिक्खूंना पूर्वी दिलेलं कखडी गावचं शेत पडीक आहे, कारण गावच ओस पडलं. तेव्हा शहराच्या सीमेवरच्या सरकारी जमिनीतून शंभर निवर्तनं द्यावीत. या हुकमात राजाबरोबर त्याच्या आईचाही उल्लेख येतो. तीच गौतमी बलश्री. नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हे लेणं भद्रायणीय भिक्खूंना अर्पण केलं. लेण्याच्या ओसरीखाली खांद्यावर तुळया पेलणारे धष्टपुष्ट गण कोरलेले आहेत, सगळी इमारत त्यांनीच उचलून धरल्यासारखी. सहलीतले लोक फोटो काढतात ते त्यांचेच. माझं मन मात्र ओस पडलेल्या कखडी गावात अडकतं. ज्याने तो हुकूम लिहून घेतला, त्याला ठाऊक होतं की दान दिलेली जमीन कसली गेली नाही तर भिक्खू उपाशी राहतो.

ही नजर घेऊन समुद्रापार जायचं.

वाट जुनीच आहे. ‘महावंस’ या लंकेच्या पाली बखरीत तिसऱ्या संगीतीनंतर कोणकोणत्या देशांत धर्मप्रचारक गेले त्याची यादी आहे. महाधम्मरक्खित महारठ्ठात गेला, योन धम्मरक्खित अपरांतात म्हणजे कोकणपट्टीत गेला आणि अशोकपुत्र महिंद लंकेला. म्हणजे त्यांच्या बखरीत आपण आणि ते एकाच यादीतले आहोत. तीच बखर सांगते की लंकेचा पहिला राजा विजय याचं जहाज आधी सुप्पारकला लागलं होतं. हे आपलं नालासोपाऱ्याजवळचं सोपारं. तिथे अशोकाच्या शिलाशासनाचे तुकडे मिळाले आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला. विजयाची कथा दंतकथा मानली तरी सोपारं हे बंदर खरं आहे, आणि घाटावरचा माल नाणेघाट, थळघाटाने उतरून अशाच बंदरांतून बाहेर जात होता. उषवदाताच्या दानांच्या यादीतही सोपारं आहे, तिथे त्याने धर्मशाळा, विहिरी आणि तळी करवली.

महिंदाची आणि तिस्स राजाची भेट झाली ती मिहिंतलेच्या डोंगरावर, अनुराधपूरपासून बारा-तेरा किलोमीटरवर. सहलीची सुरुवात मी तिथून करायला सांगेन. चढायला १,८४० दगडी पायऱ्या आहेत, पण चाफ्याच्या झाडांची सावली आहे. वाटेत नैसर्गिक गुहा दिसतात. त्यांच्या कपाळावर पावसाचं पाणी आत ओघळू नये म्हणून एक पन्हळ खोदलेली असते आणि तिच्याखाली ब्राह्मी अक्षरांची ओळ. अशा हजाराहून जास्त ओळी बेटावर सापडल्या आहेत, आणि त्यांचा मजकूर जवळजवळ ठरलेला: अमक्याच्या मुलाचं लेण, चारी दिशांच्या आलेल्या आणि न आलेल्या संघाला. नाशिकच्या भिंतींवर ‘चातुदिस भिखुसघ’ वाचून गेलेल्या माणसाला इथे ‘चतुदिश शग’ भेटतो, आणि परक्या देशात आपल्या गावचं माणूस दिसल्याचा आनंद होतो. ‘न आलेल्या’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. अजून न जन्मलेल्या, उद्या वाट चुकून येणाऱ्या भिक्खूसाठीही ती जागा राखून ठेवली आहे.

फरक कुठे आहे तेही पाहायला हवं. सह्याद्रीच्या काळ्या दगडात आपण अख्खी दालनं कोरली. लंकेत ती रीत रुजली नाही. तिथे गुहेला पुढून भिंत घातली आणि भव्यतेची हौस विटेत भागवली. अनुराधपूरचा जेतवनाराम स्तूप महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सुरू केला. मूळ उंची सुमारे १२२ मीटर. बांधला तेव्हा गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर जगात त्याहून उंच इमारत नव्हती, आणि त्यात नऊ कोटींहून जास्त विटा असाव्यात असा अंदाज आहे. अर्थात तो ‘विटांचा ढिगारा’ दिसतो. पण त्या विटा भाजायला लाकूड, मळायला पाणी, मजुरांना भात कुठून आला, हे विचारलं की शहर उलगडायला लागतं.

उत्तर पाण्यात आहे. अनुराधपूर बेटाच्या कोरड्या भागात येतं. वर्षाचा पाऊस आपल्या नाशिक शहराच्या जवळजवळ दुप्पट, तेराशे मिलिमीटरच्या आसपास. पण त्यातला मोठा हिस्सा ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो आणि मग महिनोन्‌महिने आकाश कोरडं. गंमत अशी की भिक्खूंचा वर्षावास मात्र तिथेही आषाढी पौर्णिमेला सुरू होतो, कारण तो नियम बुद्धाच्या काळी गंगेच्या खोऱ्यातल्या पावसावर बेतला होता. नाशिकला वर्षावासात खरोखरच धुवांधार कोसळतं, डोंगरावर ओहोळ वाहतात. अनुराधपूरला त्याच महिन्यांत जमीन भेगाळलेली असते. मग ऐन कोरड्या दिवसांत एका जागी बसलेल्या भिक्खूंना जगवायचं कसं? साठवलेल्या पाण्यावर. म्हणून तिथे स्तूपाला जोडून तळं येतं, आणि तळं म्हणजे आपल्या धरणाएवढं.

देवानांपिय तिस्साचा तिस्स वेव (वेव म्हणजे तळं) शहराच्या कुशीत आहे. पाचव्या शतकात धातुसेन राजाने काला वेव बांधला आणि तिथून अनुराधपूरला पाणी आणणारा कालवा खोदला, सुमारे ८७ किलोमीटरचा, ज्याला जय गंगा म्हणतात. त्याचा सुरुवातीचा टप्पा मैलाला सहा इंच इतक्याच उताराने जातो. लेव्हलची आजची यंत्रं नसताना! तळ्याच्या बांधात दगडी चौकोनी विहीर बांधून पाण्याचा दाब मोडायचा आणि मग ते बाहेर सोडायचं, ही ‘बिसोकोटुव’ची युक्ती त्यांच्या अभियंत्यांनी काढली. आपल्याकडे याच गरजेचं उत्तर लहान मापाचं आहे: लेण्याच्या बाजूला खोदलेली पोढी, पाण्याचं टाकं. दात्यांनी लेण्यांसोबत पोढ्याही दिल्या आणि भिंतींवर नोंदवल्या. त्रिरश्मीवरच्या काही टाक्यांत आजही पाणी असतं. एका लेण्यातल्या वीस-पंचवीस भिक्खूंना टाकं पुरे, हजारो भिक्खूंच्या नगराला तळं लागतं. चिनी प्रवासी फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला अनुराधपुरात दोन वर्षं राहिला. अभयगिरीत पाच हजार आणि महाविहारात तीन हजार भिक्खू होते असं त्याने लिहून ठेवलं आहे. महापाळी भोजनशाळेच्या अवशेषांत होडीच्या आकाराची जी लांबलचक दगडी द्रोणी आहे, ती भाताची. तिच्या काठाशी उभं राहिल्यावर तो आकडा अतिशयोक्तीचा वाटेनासा होतो.

आणि ठेव? तीही तिथे आहे. वावुनियाजवळ तोनिगल इथे एका खडकावर चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा लेख कोरला आहे, सिरिमेघवण्ण राजाच्या तिसऱ्या वर्षाचा. देवय नावाच्या माणसाने भात, उडीद आणि आणखी एक कडधान्य एका श्रेणीकडे ठेवलं. मुद्दल खर्चायचं नाही. त्यावर हंगामाला जे व्याज निघेल, तेही धान्यातच, त्यातून वर्षावासातल्या भिक्खूंना जेवण द्यायचं. उषवदाताचा करार डोळ्यांपुढे ठेवा आणि हा वाचा. मधे दोनेक शतकं आणि एक समुद्र, पण कलम तेच. नाशिक व्यापारी मार्गावरचं गाव, विणकरांच्या श्रेणींचं, म्हणून ठेव चांदीच्या नाण्यात; लंकेचा तो भाग तळ्याखालच्या भातशेतीवर जगणारा, म्हणून ठेव कणगीत. गौतमीपुत्राच्या हुकमासारखे, राजपुरुषांनी विहाराच्या जमिनीत पाऊल टाकू नये असं बजावणारे दगडी खांबही लंकेत नवव्या-दहाव्या शतकातले पुष्कळ सापडतात. त्यांना अत्ताणी खांब म्हणतात.

अनुराधपूरनंतरची ठिकाणं मी थोडक्यात सांगतो. पोळोन्नरुव बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहूचं. तिथल्या गल विहारातली चौदा मीटरची पहुडलेली बुद्धमूर्ती एका अखंड खडकात आहे, उशीला पडलेला डोक्याचा खळगासुद्धा कोरलेला. तिच्यासाठी सकाळ राखून ठेवावी. दंबुल्लाच्या पाच गुहांत छत रंगवताना चित्रकाराने खडकाचा उंचसखलपणा तसाच ठेवून त्यावर वस्त्र पांघरल्यासारखी नक्षी ओढली आहे; अजिंठा पाहिलेल्या डोळ्यांनी ती जरूर पाहावी. सिगिरियाला सगळे जातात. काश्यपाचा तो पाचव्या शतकातला राजवाडा पाहण्याजोगा आहेच, पण त्याच्या बाराशे पायऱ्यांपायी लोक मिहिंतले गाळतात, हे मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र नाशिकहून शिकून जाता येत नाही, ती तिथेच कळते. त्रिरश्मीवरचा संघ हळूहळू संपला. सहाव्या-सातव्या शतकापर्यंत इथे नव्या मूर्ती कोरल्या जात होत्या, एका लेण्यात पुढे जैन मूर्तीही आल्या, आणि मग लोकांनी ओळख विसरून पांडवांचं नाव दिलं. अनुराधपूर शहर म्हणून उजाड झालं, जंगलात गेलं, तरी बोधीवृक्षाची पूजा कधी थांबली नाही. आज पौर्णिमेला, म्हणजे पोयाच्या सुट्टीला, पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं हातात कमळं आणि पाण्याची भांडी घेऊन तिथे येतात. जुन्या जागा तिथे एकाच वेळी पुरातत्त्व खात्याच्या आणि भाविकांच्या आहेत. त्यांचे नियमही त्यामुळे कडक: पांढरे किंवा फिके, खांदे-गुडघे झाकणारे कपडे, टोपी आणि पादत्राणं बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं अपमान समजतात. दुपारी दगड इतके तापतात की मोजे सोबत असावेत.

आणि जी ओळख आपण विसरलो होतो, ती परत मिळवण्याच्या वाटेवर लंका पुन्हा भेटते. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा म्हणून १९०२ साली कोलंबोला पोचले, विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकले, आणि मराठीत बौद्ध वाङ्मयाची पायवाट पाडली. नाशिक जिल्ह्याचा वाटा तर आणखी सरळ. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. आंबेडकरांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. १९५० साली ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले, तिथला जिवंत धर्म, विधी आणि संघ जवळून पाहिला. सहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखोंनी त्यांच्यासोबत दीक्षा घेतली. दीक्षाभूमीवरचा बोधीवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांतून वाढला आहे. त्रिरश्मीच्या पायथ्याचं रोप त्याचं भावंड. म्हणून कुणी आंबेडकरी कुटुंब अनुराधपूरला जातं, तेव्हा ते पर्यटन उरत नाही, तीर्थयात्रा होते. सहली काढणाऱ्यांनी हे ओळखून कार्यक्रम आखायला हवेत: खरेदीचे दोन तास कमी करावेत, मिहिंतलेला एक अख्खा दिवस द्यावा.

त्या दिवशी मिहिंतलेच्या भोजनशाळेजवळ जरूर थांबा. तिथे एका मूर्तिगृहाच्या दाराशी दोन उंच शिळा आहेत, दहाव्या शतकातल्या चौथ्या महिंद राजाच्या. कोरीव अक्षरांनी वरपासून खालपर्यंत भरलेल्या. गाइड बहुधा एका वाक्यात उरकून पुढे निघतो. त्या शिळांवर विहार चालवण्याचे नियम आहेत: भिक्खूंनी दिवस कसा घालवावा, आचाऱ्यापासून वैद्यापर्यंत कुणाला किती भात आणि किती जमीन द्यायची, आणि जमाखर्चाचा हिशेब कसा ठेवायचा. त्याच परिसरात रुग्णालयाचे अवशेष आहेत, रुग्णाला औषधी पाण्यात निजवण्यासाठी माणसाच्या आकाराची द्रोणी कोरलेली. दहाव्या लेण्याची ओसरी पाहून गेलेल्या माणसाला त्या दोन शिळांपुढे गाइडची गरज पडणार नाही.